शब्दशोध भराभर सुटतात, तरी लिहिताना 'दीवाळी'च?

प्रश्न थोडक्यात असा होता: मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, माध्यम इंग्रजी, घरात बोलणे मराठी. सुट्टीत तिच्या मराठीकडे लक्ष द्यावे म्हणून आईने दिवाळीवरचे वीसेक शब्दशोध (अक्षरांच्या जाळ्यात लपलेले शब्द शोधून गोल करायची कोडी) छापून आणले. मुलीने ते चार दिवसांत संपवले, तेही आवडीने. मग 'माझी दिवाळी' यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या, तर वहीत 'दीवाळी', 'कंदिल', 'फराल', 'बुरुज'. आईने विचारले आहे, "हा सगळा वेळ वाया गेला का? कोड्यांनी शुद्धलेखन सुधारते हे खरे आहे का? आणि चांगली मराठी कोडी मिळतात कुठे?"

मी सव्वीस वर्षे प्राथमिक शाळेत मराठी शिकवले. त्यातली पंधराएक वर्षे तरी दर सणाला वर्गासाठी हाताने कोडी केली. त्या अनुभवावरून लिहिते.

वेळ वाया गेलेला नाही. मुलगी चार दिवस मराठी अक्षरांकडे बघत बसली, कुरकुर न करता, हे इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या बाबतीत थोडके नाही. पण शब्दशोध सोडवताना ती नेमके काय करते ते एकदा शेजारी बसून पाहा. यादीत 'कंदील' लिहिलेले आहे. ती 'कं' शोधते. 'कं' चौकटीत दोन-तीनच असतात. सापडला की आजूबाजूला 'ल' दिसतो का पाहते आणि गोल करून मोकळी होते. मधल्या 'दी'कडे तिने पाहिलेलेच नसते. पाहिले तरी ती वेलांटी पहिली की दुसरी हे तिला ठरवावे लागलेले नसते, कारण शब्द समोर तयार आहे. लिहिताना मात्र सगळा प्रश्न त्या वेलांटीचाच असतो. म्हणजे कोडे ज्या गोष्टीचा सराव देते ती एक आणि तुम्हाला हवी आहे ती दुसरीच. तुमच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

हे मला तरी कुठे आधी कळले होते! पहिल्या वर्षी मीही मोठ्या हौसेने दिवाळीचे शब्दशोध केले, रंगीत कागदावर, कोपऱ्यात पणती काढून. मुले खूश, पालक खूश. सुट्टीनंतर तेच बारा शब्द श्रुतलेखनाला घातले, तर निकाल आधीच्या वर्षासारखाच. एका मुलाने तर बाराच्या बारा शब्द शोधले होते आणि श्रुतलेखनात तीन बरोबर. तो आकार जुळवत होता, जिगसॉ जुळवतात तसा.

मानसशास्त्रात याचे उत्तर फार आधीपासून आहे, मला ते उशिरा वाचायला मिळाले. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. ते कॉलेजचे विद्यार्थी होते आणि उतारे इंग्रजी होते, हे खरे. पण माझ्या तिसरीच्या वर्गात मी रोज हेच पाहत होते. शब्द डोळ्यापुढून दहा वेळा गेला म्हणून हातात उतरत नाही. एकदा तरी तो कोऱ्या चौकटीत आठवून लिहावा लागतो.

म्हणून माझे पहिले सांगणे, शब्दशोधाकडून शब्दकोड्याकडे या. आडवे शब्द, उभे शब्द, रिकाम्या चौकटी. (गंमत म्हणजे आजच्या शब्दकोड्याचा जन्मही सणाच्या तोंडावरचा. आर्थर विन याचे पहिले कोडे 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी छापून आले, नाताळच्या चार दिवस आधी.) आणि यात मराठीला एक सोय आहे जी इंग्रजीला नाही. इंग्रजी कोड्यात एका चौकटीत एक सुटे अक्षर. आपल्याकडे एका चौकटीत पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसकट. 'लक्ष्मीपूजन' म्हणजे ल, क्ष्मी, पू, ज, न अशा पाचच चौकटी. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द जिथे एकमेकांना छेदतात तिथे नुसता 'द' जुळून चालत नाही, वेलांटीही जुळावी लागते. कोडे स्वतःच तपासनीस होते. "बाई, हे बसत नाहीये!" अशी हाक आली की मी समजायची, कुठेतरी वेलांटी नाहीतर उकार चुकलाय.

एक छोटे कोडे दाखवते, वहीवर काढून बघा. आडवा शब्द 'कंदील' लिहा. त्याच्या 'दी'पासून खाली 'दीपावली' जाते. दीपावलीचा 'ली' खाली जिथे पडतो तिथे आडवी 'चकली' येऊन संपते. चकलीच्या 'क'पासून खाली 'करंजी'. करंजीच्या 'जी'वर आडवी 'फुलबाजी' येऊन संपते. पाच शब्द, चार छेद. आता ज्या मुलीने 'कंदिल' लिहिले तिला खाली 'दिपावली' लिहावे लागते. इथे बहुतेक मुले अडखळतात, कारण प्रत्येक वर्गात एखादा दीपक किंवा दीपाली असतेच आणि ते नाव रोज कुठल्यातरी वहीवर दुसऱ्या वेलांटीने लिहिलेले दिसते. "दीपकचा दी मोठा ना? मग दीपावलीचाही मोठा. मग कंदीलचाही मोठा." हे मी सांगितलेले नाही, मुलांनी माझ्यादेखत काढलेले अनुमान आहे.

आता त्याच कोड्यात 'दिवाळी' घालायचा प्रयत्न करा. 'कंदील'च्या 'दी'ला ती लागत नाही. 'दिवा'ला लागते. दिवा आणि दिवाळी एका घरातले, दीप आणि दीपावली दुसऱ्या. मुलीला हे सांगू नका, तिला शब्द बसवू द्या. बसत नाही म्हटल्यावर ती विचारेल, आणि विचारले की सांगा.

इथे एक खोच आहे, ती लक्षात यायला मला दोन-तीन वर्षे लागली. छेद जसा तपासतो तसा तो उत्तरही सांगून टाकतो. 'दीपावली' आधी भरली असेल तर 'कंदील'चा 'दी' आयता मिळतो, विचार करायची वेळच येत नाही. म्हणून मी एकाच शब्दगटाची दोन कोडी करायची. पहिल्यात शंकेचे अक्षर छेदावर, म्हणजे चूक झाली तर कोडे बोलेल. तीन-चार दिवसांनी दुसरे कोडे, त्यात तेच अक्षर मुद्दाम छेदाबाहेर, म्हणजे कोणाची मदत नाही, आठवावेच लागेल. पहिले शिकवते, दुसरे परीक्षा घेते. दुसऱ्यात जो शब्द चुकला तोच पुढच्या सणाच्या कोड्यात पुन्हा येतो.

नियमांविषयी. तिसरीच्या मुलीला अठराच्या अठरा नियम सांगायचे नसतात. (१९६२ साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार आले. त्याआधी शेवटी 'मूर्ति', 'कवि', 'गुरु' असे ऱ्हस्व लिहीत, म्हणून घरात जुनी पुस्तके असतील तर त्यांत ते दिसेल. आजोबा म्हणाले "आमच्या वेळी असेच होते", तर ते बरोबर सांगत आहेत, भांडू नका.) सणांच्या शब्दांना तीन गोष्टी पुरतात. शब्दाच्या शेवटी इ-उ आले तर ते दीर्घ: दिवाळी, पणती, रांगोळी, झेंडू. शेवटचे अक्षर साधे असेल, म्हणजे त्याला काना-मात्रा काही नसेल, तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इ-उ दीर्घ: कंदील, फूल, तीळ, गूळ, बुरूज, भाऊबीज. आणि या दुसऱ्या गटातल्या शब्दाला शेपूट लागले की तो दीर्घ पुन्हा ऱ्हस्व: कंदिलात, फुलांची, गुळाची, बुरुजावर, भाऊबिजेला. तुमच्या मुलीने 'बुरुज' का लिहिला असेल याचा अंदाज यावरून येतो. तिच्या कानावर 'बुरुजावर मावळा ठेव' हेच जास्त वेळा पडले असणार. तिची चूक अडाणीपणाची नाही, तिला रूप माहीत आहे, जागा चुकली.

अडचण संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांची. दुसरा नियम 'मंदिर'ला लावला तर 'मंदीर' होईल, आणि मुले करतातच. त्यावर माझ्याकडे युक्ती नाही, असे शब्द पाठच करावे लागतात. पण तेही जोड्यांनी दिले तर सोपे जाते. 'गुरू' एकटा असला की रू दीर्घ, 'गुरुपौर्णिमा' झाली की ऱ्हस्व. 'ऋषी' एकटा दीर्घ, 'ऋषिपंचमी' ऱ्हस्व. 'बलिप्रतिपदा' आणि 'वसुबारस' त्याच वळणाच्या. चौथीच्या मुलांना मी ही जोडी एकाच कोड्यात द्यायची, दूरदूर, एकमेकांना न छेदता. कोणीतरी ओरडायचेच, "बाई, तुमचे कोडे चुकलेय, एकदा मोठा रू आहे, एकदा छोटा!" तो दिवस सत्कारणी लागला असे मी समजते.

'फराल'चे कारण वेगळे आहे. तो कानाचा प्रश्न आहे. मूल दिवसभर हिंदी कार्टून ऐकत असेल तर 'दिवाली' कानात बसते, 'ळ'चा 'ल' होतो, मग हात 'फराल' लिहितो. कोड्याने हे सुधारत नाही. आधी तोंडात 'ळ' यावा लागतो. दिवाळी, रांगोळी, उजळणी, कडबोळी, नारळ, तुळस असे शब्द भराभर म्हणायला लावा, चुकेल त्याने एक चकली कमी खायची. मग कोडे.

आता शब्दसंग्रह. तयार मिळणाऱ्या दिवाळी-कोड्यांत तेच आठ शब्द असतात: दिवा, पणती, फटाके, लाडू, चकली, रांगोळी, कंदील, फराळ. हे मुलीला बोलता येतातच. नवे काय मिळाले? खरा खजिना दोन ठिकाणी आहे, स्वयंपाकघरात आणि अंगणातल्या किल्ल्यावर.

करंज्या होत असताना तिला ओट्याजवळ उभी करा. सारण, पारी, मोहन, मुरड, साटा, कातणे, झारा. चकल्यांना भाजणी. पाकाच्या लाडवांना एकतारी पाक. यातले निम्मे शब्द आज मोठ्यांच्याही तोंडून जायला लागलेत. पण मूल ते नुसते ऐकत नाही, हाताळते. मोहन घालताना चर्र आवाज होतो, मुरड घालताना कड फाटते, तेव्हा शब्द चिकटतो. संध्याकाळी कोड्यात तोच शब्द अर्थासकट परत येतो. सूचना लिहिताना कोशातला अर्थ देऊ नका. 'मोहन'साठी मी लिहायची, "कडकडीत तापवून पिठात ओततात, या नावाचा मुलगाही असतो." 'मुरड'साठी, "करंजीच्या कडेला घालतात, आणि मोठी माणसे इच्छेलाही घालतात." एका सूचनेत एका शब्दाची दोन घरे दिसली की तो शब्द पुढे पुस्तकात भेटला तर मूल त्याला ओळखते.

किल्ल्याचे शब्द तर मुलांचे लाडके. बुरूज, तट, माची, खंदक, भुयार, बालेकिल्ला, पहारेकरी, आणि किल्ल्यावर पेरतात ते हळीव. 'दिंडी'साठी माझी सूचना होती, "किल्ल्याच्या मोठ्या दरवाजातले छोटे दार; आषाढात पंढरपूरला जाते ती वेगळी." मुले हसतात, आणि दोन्ही दिंड्या लक्षात राहतात.

इथे एक भांडण सांगते. एका वर्षी सूचना दिली, "चकली याने पाडतात", चौकटी दोन. माझ्या मनात 'सोऱ्या'. एका मुलीने 'साचा' लिहिले. तिचे आजोळ विदर्भातले, घरात सगळे साचाच म्हणत. सा, चा, दोनच चौकटी, अगदी बरोबर बसते. शेजारचा ओरडला, चूक! ती रडकुंडीला आली. मी कोड्याकडे पाहिले तर या शब्दाचा एकही छेद मी दिला नव्हता. म्हणजे चूक माझीच. दुसऱ्या वर्षी तोच शब्द 'पायऱ्या'शी जोडला, किल्ल्याच्या पायऱ्या. शेवटचा 'ऱ्या' दोघांत सामाईक. आता साचा बसत नाही, आणि वर एक लाभ झाला. निम्म्या वर्गाने 'पायर्या' लिहिले होते, सूर्यासारखा रफार देऊन. 'सोऱ्या' म्हणून पाहा आणि 'सूर्या' म्हणून पाहा, जीभ कुठे जोर देते ते कळते. 'सूर्या'त र वर चढून बसतो, 'सोऱ्या'त तो 'या'ला लागून चंद्रकोरीसारखा लवतो. ज्या मुलीला मी रडवले होते तिनेच पुढे फळ्यावर दोन यादी केल्या: एकीकडे सूर्य, आचार्य, कार्य, आणि दुसरीकडे दऱ्या, पायऱ्या, सुऱ्या, टोपल्या-दोऱ्या. (टोपल्या यात कशा आल्या हे तिने सांगितले नाही, मी विचारले नाही.)

तेव्हापासून एक पथ्य पाळते. घराघरात वेगळा असणारा शब्द असेल तर त्याला छेद हवाच, नाहीतर सूचनेत दोन्ही शब्द मान्य करावेत. अनारसे-अनरसे, शंकरपाळी-शंकरपाळे, हळीव-अळीव. घरी सोपे आहे. उलट मुलीला आजी-आजोबांना फोन करून विचारू द्या, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" त्या फोनमधून जे शब्द येतील ते कुठल्याच छापील कोड्यात नसतील.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. मुलीला जोडाक्षरे अजून सावकाश वाचावी लागत असतील तर शब्दकोड्याची घाई नको. आधी अर्धवट शब्द द्या: 'कं__ल', 'प__ती', 'रां__ळी'. एकच अक्षर भरायचे. त्यातही नीट बघून गाळा. 'कं__ल'मध्ये तिला दि-दी ठरवावे लागते, 'प__ती'मध्ये न-ण. 'चक__'मध्ये काही ठरवायचेच नाही, ती जागा वाया गेली. घरात मराठी कमी असेल, परदेशात वाढणारे मूल असेल, तर सूचना चित्राने द्या आणि शब्द आधी तोंडी खेळवा. अर्थ माहीत नसलेल्या शब्दाचे शुद्धलेखन घोटण्यात राम नाही. आणि आठ-नऊ वर्षांचे मूल वर्षभर नियमित सराव करूनही अक्षरेच गाळत असेल, उलटसुलट लावत असेल, वाचायला बसणेच टाळत असेल, तर कोडी वाढवू नका. वर्गशिक्षकांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. तुमच्या मुलीच्या चार चुका पाहून मला तसे काही वाटत नाही. त्या चुका मराठी बोलणाऱ्या, पण मराठी कमी लिहिणाऱ्या मुलांच्या नेहमीच्या आहेत.

एका प्रकाराविषयी माझे मत जरा कडक आहे. 'बरोबर शब्द ओळखा' अशी कोडी, ज्यात 'दीवाळी / दिवाळी / दिवाळि' असे तीन छापलेले असतात. मोठ्यांसाठी ठीक. ज्याच्या डोळ्यात अजून एकही रूप बसलेले नाही त्याला तीन रूपे दाखवली तर तिन्ही ओळखीची होतात आणि उत्तर अंदाजाने येते. पाचवीपर्यंत मी हा प्रकार वापरला नाही. काही सहकाऱ्यांना तो आवडायचा, आमचे यावर कधी एकमत झाले नाही. अक्षरे उलटसुलट करून दिलेली कोडी, म्हणजे 'ळी-वा-दि', अधूनमधून चालतात, पण त्यातही वेलांटी आयती मिळते हे विसरू नका. ती जिभेची चव बदलायला.

किती आणि कधी? एका कोड्यात आठ ते दहा शब्द, त्यातले तीनच 'शंकेचे', बाकी तिला येणारे, म्हणजे चौकटी भरत गेल्याचा आनंद मिळतो. बसणे पंधरा मिनिटांचे. दिवाळीचाच क्रम सांगायचा तर मी असा लावते. वसुबारसेच्या आसपास फराळ चालू असतो तेव्हा फक्त शब्द गोळा करायचे, चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावायचे. चिठ्ठी तुम्ही लिहा, शुद्ध. नरकचतुर्दशीला दमून झोप येते, काही करू नका. पाडव्याला पहिले कोडे, चिठ्ठ्या काढून ठेवून. भाऊबिजेनंतर तीन-चार दिवसांनी दुसरे. आणि सुट्टीच्या शेवटी कोडे नाही, तर मामाला किंवा आत्याला पाच ओळींचे पत्र, ज्यात 'बुरुजावर', 'कंदिलात', 'भाऊबिजेला' आपोआप येतील. शेपूट लागलेली रूपे कोड्याच्या चौकटीत चांगली बसत नाहीत, त्यांना वाक्यच लागते.

आणि दिवाळीवर थांबू नका. वर्षातून एकदा भेटलेला शब्द पुढच्या वर्षी पुन्हा अनोळखी असतो. पण शब्दांची कुळे सणासणांतून फिरतात, त्याचा फायदा घ्या. दिवाळीला 'फूल-फुलबाजी-फुलांची' झाले की संक्रांतीला 'तिळगूळ' द्या. त्या एकाच शब्दात तीळचा ती ऱ्हस्व झालाय आणि गूळचा गू दीर्घ राहिलाय, का ते तिला आता सांगता येते. पाडव्याला 'गुढी', गणपतीत 'मूर्ती' आणि 'दूर्वा'. डिसेंबरात 'नाताळ', हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, पण शेवटी ळ घेऊन पक्का मराठी झालेला. 'फराल' लिहिणाऱ्या मुलीला तो जरूर द्या. ईदला 'शिरखुर्मा'. माझ्या वर्गात तो शब्द आणणारा मुलगा पुढचा आठवडाभर सगळ्यांना त्याचे रफार शिकवत होता.

शेवटचा प्रश्न, कोडी मिळतात कुठे. दिवाळी अंकांतली आणि वृत्तपत्रांतली शब्दकोडी मोठ्यांची असतात, त्यांतले सहा-सात सोपे शब्द निवडून घेता येतात. संगणकावर आपोआप कोडी करून देणारी साधने मात्र मराठीत अनेकदा दगा देतात. संगणकाच्या हिशेबी 'दि' म्हणजे द आणि वेलांटी अशी दोन वेगळी चिन्हे, त्यामुळे साधन अक्षर मोडून वेलांटी शेजारच्या चौकटीत टाकते, ठिपक्यांच्या गोलावर लटकलेली. 'लक्ष्मी'चे तर तुकडे तुकडे होतात. छापण्याआधी दोन जोडाक्षरे घालून तपासा, मोडली तर ते साधन सोडून द्या. तक्त्यांच्या कुठल्याही साध्या प्रणालीत (स्प्रेडशीटमध्ये) एका घरात एक अक्षर हाताने लिहिले की काम भागते.

मी अजूनही गणिताच्या चौकटीच्या वहीतच करते. मोठ्या चौकटींची वही घ्या. लहान चौकटींत 'क्ष्मी' मावत नाही, मग मुले वेलांटी अर्धी बाहेर काढतात आणि ती पहिली होती की दुसरी यावर पुन्हा वाद.